तुम्ही तुमची मान माझ्या हातात दिलीत

मॅडम,

सोमवारी माझ्या बाळाची मान बघून तुम्ही म्हणालात, "आता माझ्याकडे यायची गरज नाही," आणि मला रडूच कोसळलं. फाईल उचलून मी तशीच बाहेर पडले. एसटी पाचवडला वाईकडे वळली तेव्हा लक्षात आलं, की पाच महिन्यांत मी तुमचे धड आभारच मानले नाहीत. दर वेळी "थँक यू मॅडम" म्हणायचे, पण दार लोटता लोटता. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आत्ता कुठेतरी एखादी बाळंतीण बाळाची वाकडी मान न्याहाळत, मनातल्या मनात स्वतःला दोष देत बसली असेल.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी तिच्यासाठी सांगते. माझा मुलगा तीन आठवड्यांचा असताना आंघोळ घालताना आईच्या बोटांना त्याच्या मानेत गाठ लागली. उजव्या बाजूला, सुपारीएवढी, टणक. डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी कायम डावीकडे. डाव्या अंगावर पाजायला घेतलं की त्याला तोंड वळवता यायचं नाही आणि तो किंचाळायचा. आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी टोपरंसुद्धा न काढता सांगितलं, "मान धरली की होईल सरळ, तीन महिन्यांनी बघू." दुसऱ्यांनी गाठ चाचपली आणि उभ्याउभ्याच ऑपरेशनचं बोलले. त्या रात्री माझे वडील अंगणात येरझाऱ्या घालत होते. गाठ म्हटल्यावर त्यांच्या मनात कुठला आजार आला असेल ते त्यांनी तोंडाने उच्चारलं नाही, पण आम्हाला कळलं. मालिश करणाऱ्या बाईंनी एके सकाळी त्याची मान धरून कचकन उलटीकडे वळवली. ते रडणं अजून माझ्या कानात आहे.

आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई दोष मात्र मलाच द्यायची. एकाच कुशीवर निजवलंस. मोहरीची उशी दिली नाहीस. ग्रहण पाळलं नाहीस. ऐकून ऐकून मला ते खरं वाटायला लागलं. मी त्याच्या मानेला हात लावेनाशी झाले. आंघोळ आई घालायची, झबलं आई बदलायची, मी फक्त पाजायला घ्यायची. तीन महिने माझ्याच मुलाला धरताना माझे हात थरथरायचे, आणि हे मी कोणालाही बोलले नव्हते.

तुमच्याकडे आलो त्या दिवशी तुम्ही आधी त्याचे सगळे कपडे काढायला सांगितलेत. मानेसाठी आणलेल्या बाळाचे खुबे तुम्ही तपासत होतात तेव्हा आई माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "अशा बाळांचे खुबे बघायचेच असतात आजी, आणि हा तर पायाळू." मग कानामागून छातीच्या हाडाकडे आणि कॉलर बोनकडे उतरणारा तो स्नायू स्वतःच्या मानेवर बोट फिरवून दाखवलात. त्याचं ते लांबलचक नाव, स्टर्नोक्लीडोमास्टॉइड, मला आता झोपेतही म्हणता येतं. एका बाजूचा तो आखडला की डोकं त्या बाजूला कलतं आणि हनुवटी पलीकडे वळते, गाठ त्या स्नायूतलीच असते आणि बहुतेक वेळा आपोआप विरते, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलंत. सोनोग्राफीतही तेच आलं. ही पाच मिनिटं आम्हाला आधी कोणीच दिली नव्हती. पहिल्या महिन्यात व्यायाम सुरू झाले तर बहुतेक बाळांचं दीडेक महिन्यात भागतं, सहा महिन्यांनंतर आणलं तर नऊ-दहा महिनेही लागतात, आणि ऑपरेशन फक्त थोड्यांना, तेही महिनोन्‌महिने व्यायाम करून फरक पडला नाही तर. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो हो डॉक्टरांकडे. तो राग अजून गेलेला नाही.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

तुम्ही म्हणालात, "आता तुम्ही करा." मी हात मागे घेतले. म्हटलं, माझ्याच्याने नाही होणार, त्याला दुखेल. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बाळाला आईच्या मांडीवर दिलंत आणि माझ्यासमोर सतरंजीवर चक्क आडव्या झालात. डोकं माझ्या मांडीजवळ. "माझ्यावर करा," म्हणालात, आणि डोळे मिटलेत.

बाहेर माणसं खोळंबली होती. तुमच्या वयाची, तुमच्या शिक्षणाची बाई जमिनीवर निजलीय आणि तिचं डोकं माझ्या ओंजळीत आहे. तुमच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, भांगाजवळचे केस पिकलेले दिसत होते. मी घाबरत घाबरत डोकं डावीकडे कलवलं. "थोडं अजून." अजून कलवलं. "हं, इथे ओढ बसतेय. आता थांबा. जोर नको, नुसतं धरा." मग हनुवटी उजवीकडे. "आता जास्त झालं," म्हणालात, आणि मी हात सैल केले तशा हसलात. "बघा, तुमच्या हाताला कळतं."

चार शब्द, मॅडम. तोवर माझ्या हातांबद्दल कोणी बरं बोललं नव्हतं.

मग मी त्याला घेतलं. तीस सेकंद धरायचं होतं. मी ओठातल्या ओठात आकडे मोजत होते, तर तुम्ही म्हणालात, "मोजू नका, तुम्ही ताठरता आणि त्याला ते कळतं. चैत्र-वैशाख म्हणा, सावकाश, दोनदा." फाल्गुन दुसऱ्यांदा येईपर्यंत तो माझ्याकडे टक लावून बघत होता. रडला नाही.

घरचं थोडक्यात सांगते. पाळण्यातली त्याची उशाची बाजू बदलली, म्हणजे दार त्याच्या उजवीकडे आलं. कापडी चिमण्या उजवीकडे टांगल्या. जागा असताना पालथं घालायला सासूबाईंचा विरोध होता, तर तुम्ही सुचवल्याप्रमाणे त्याला त्यांच्याच छातीवर पालथं दिलं. तो मान उचलून त्यांच्या कुंकवाकडे बघायला लागला आणि विरोध तिथेच संपला. डोक्याची मागची डावी बाजू चपटी झाली होती, तीही आता पुष्कळ भरलीय.

मी खूपदा विचार करते, तुम्ही असं का केलंत? कागदावर आकृती काढून दिली असती तरी तुमचं काम झालं असतं. कोणी विचारलं नसतं. जगात हुशार माणसं खूप आहेत आणि आम्हाला भेटलेले डॉक्टरही हुशारच असणार. पण समोरचा घाबरलाय हे दिसल्यावर त्याच्यासाठी खाली बसणारी, जमिनीवर निजणारी माणसं फार थोडी भेटतात. माझी आजी अशा माणसांना "देवगुणी" म्हणायची. त्या दिवशी घरी आल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या मुलाला स्वतः आंघोळ घातली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला त्याचं बोरन्हाण करतोय, वाईला, माहेरीच. हलव्याचे दागिने आईने घरी केलेत. तुम्ही याच. आणि आलात की त्याच्या उजव्या हाताला बसा. तिकडून हाक मारली की तो आता पटकन वळून बघतो.

तुमची,
चैत्र-वैशाखवाल्या बाळाची आई