मोकळे भूखंड लागवडीसाठी द्यावेत

महोदय,

इंग्लंडमध्ये १९०८च्या कायद्यानुसार, रहिवाशांची मागणी असल्यास स्थानिक परिषदांनी भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यावेत, अशी तरतूद आहे. पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा असतो. आम्हाला मिळालेल्या तुकड्यावर काटेरी झुडपांच्या जाळ्या आणि वेलतण माजले होते. यंत्राने जमीन उकरल्यास वेलतणाच्या पांढऱ्या, ठिसूळ मुळांच्या तुकड्यातुकड्याला नवा कोंब फुटतो. म्हणून आम्ही जाळ्या खणून काढल्या आणि ओले पुठ्ठे अंथरून त्यांवर कुजलेल्या शेणखताचा जाड थर दिला. आता तेथे बटाटा, घेवडा आणि उन्हाळ्यात मेथीसुद्धा उत्तम येते. महाराष्ट्रातील महापालिकांनीही राडारोडा साचलेले आपले मोकळे भूखंड, पाण्याची सोय करून, इच्छुक रहिवाशांना अल्प भाड्याने द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक मराठी वाचक, लेस्टर