पहारा दुसऱ्याच्या ताटावर

संपादक महोदय,

दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉम यांचा ‘शोकोला’ (2000) दाखवला की ठाण्यातल्या चित्रपटप्रेमींत हटकून दोन तट पडतात. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळातच एक बाई गावात चॉकलेटचे दुकान उघडते, अशी त्याची गोष्ट. काहींना तो गोड प्रेमपट वाटतो, तर काहींना व्रतवैकल्यांची टिंगल. टिंगलीचा आक्षेप मला घाईचा वाटतो. जोआन हॅरिस यांच्या मूळ कादंबरीत चॉकलेटच्या दुकानाला विरोध करतो तो गावचा पाद्री. चित्रपटात हे काम महापौराला दिले आहे आणि तरुण पाद्री त्याने दुरुस्त केलेली प्रवचने वाचतो. टीकेचा रोख त्यामुळे उपासावरून हटून दुसऱ्याच्या ताटावर पहारा ठेवणाऱ्याकडे वळतो. ईस्टरच्या आदल्या रात्री हाच महापौर सुरी घेऊन दुकानात शिरतो, खिडकीतली चॉकलेटची आरास फोडतो, एक कण ओठाला लागतो आणि मग तो थांबतच नाही. इतके दिवस स्वतःला कोंडून घेतलेल्या माणसाचे ते कोसळणे आहे, श्रद्धेचे नव्हे.

दुकानात येणाऱ्या मधुमेही म्हाताऱ्या आर्मांदच्या बाबतीत मात्र नाराज प्रेक्षकांचे म्हणणे पटते. पथ्य मोडून तिने खाल्लेले पदार्थ आणि पाठोपाठ येणारा मृत्यू चित्रपट फारच हळुवार करून टाकतो.

चित्रपट मंडळांनी खेळाआधी पाच मिनिटे काढून या उपवासकाळाची माहिती द्यावी: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस, त्यातले सहा रविवार वगळून 40. श्रावण पाळणाऱ्यांना बाकीचे सांगावे लागणार नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे