चालू लाईनला हात लावण्याआधी

बडोदे

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मालकांनी ‘प्लँट बंद न करता व्हॉल्व्ह बसवून द्या’ असं टुमणं लावलंय, हे वाचून काळजी वाटली. इकडे कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, तिच्या भोवती खतांचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहिले. एक पाईपलाईन बंद झाली की पुढचे चार प्लँट अडतात, त्यामुळे चालू लाईनवरची कामं मी बरीच जवळून पाहिली आहेत. म्हणून फोनवर न उरकता सविस्तर लिहितोय.

तू दोन कामं एका दमात लिहिली आहेस. एक, कूलिंग वॉटरच्या आठ इंची हेडरवर, म्हणजे मुख्य पाईपवर, मधेच व्हॉल्व्ह. दुसरं, नव्या स्टेंटरसाठी, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या मशीनसाठी, थर्मिक फ्लुइडच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या गरम तेलाच्या) लाईनला फाटा. पहिलं जरूर कर. दुसरं चालू लाईनवर अजिबात करू नकोस.

आणि पहिल्यासाठी हॉट टॅपिंगवाल्याला बोलावू नकोस. हॉट टॅपिंगनं पाईपच्या कुशीतून फाटा निघतो, मूळ पाईपमधलं पाणी त्यानं अडत नाही. तुला हवाय इन्सर्शन व्हॉल्व्ह. त्याची बॉडी दोन अर्धुकांची असते. ती पाईपभोवती गॅस्केटसकट बोल्टनं आवळतात, वेल्डिंग लागत नाही. वर एक तात्पुरता गेट बसवून दाबाची टेस्ट घेतात. मग कटर आत उतरवून पाईपचा तेवढा तुकडाच कापून काढतात, कटर वर ओढून गेट बंद करतात आणि त्याच वाटेनं व्हॉल्व्हचा आतला भाग खाली सोडतात. पाणी सगळा वेळ वाहतच असतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कापल्यावर तुझा पाईप अखंड राहत नाही, त्याची दोन टोकं त्या बॉडीतल्या पकडीवरच धरलेली असतात. सहा बार दाब धर. आठ इंची लाईनचा व्हॉल्व्ह बंद केलास की त्यावर जवळपास दोन टन जोर येतो. तो पेलायला दोन्ही बाजूंना अँकर हवेत, आणि बॉडीच्या वजनाला खालून स्वतंत्र सपोर्ट. कोटेशनमध्ये हे नसेल तर आधी तेच विचार. कटिंगचा कीस ड्रेनमधून बाहेर काढतात, तरी थोडा पुढे जातोच, म्हणून एक्स्चेंजरच्या आधीचे स्ट्रेनर (गाळणीच्या जाळ्या) त्या दिवशी साफ करून ठेव.

आता थर्मिक फ्लुइडचं. नको का म्हणतोय ते कळावं म्हणून इथलं एक काम सांगतो. नंदेसरीकडच्या एका कारखान्यात पातळ तेलाच्या चालू लाईनला फाटा काढायचा होता. वेल्डरनं टॉर्च हातात घेण्याच्या कितीतरी आधी इन्स्पेक्टर पाईपवर खडूनं चौकटी आखून बसला होता. प्रत्येक चौकटीत अल्ट्रासोनिकचा प्रोब टेकवून पाईपची जाडी मोजायची, आकडा तिथेच पाईपवर लिहायचा. खालच्या अंगाला आकडे उतरत गेले, तेव्हा ठरलेली जागा सोडून फाटा पुढे सरकवला. कुणी हुज्जत घातली नाही. मला ते फार आवडलं.

कारण सगळा खेळ त्या जाडीचा आहे. पाईपचा पत्रा पाव इंचाहून जाड असेल तर आर्क आरपार जाण्याची भीती कमी. पातळ असेल, किंवा आतलं तेल थांबलेलं असेल, तर आतला पृष्ठभाग ९८० अंशांच्या घरात जातो आणि दाबानं तिथेच फुटू शकतो. बरं, प्रवाह जोरात ठेवावा तर तो उष्णता इतक्या झपाट्यानं खेचतो की जोड कडक होतो आणि हायड्रोजनमुळे नंतर तडा जातो. म्हणून ७०१८ चे (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड ओव्हनमधून एकेक काढायचे, स्प्लिट टीचे, म्हणजे पाईपभोवती बसणाऱ्या दोन अर्धुकांच्या फाट्याचे, लांबीचे जोड आधी, मग एका टोकाचा गोल जोड पूर्ण, आणि त्यानंतरच दुसऱ्या टोकाचा. दोन्ही टोकं एकदम कधीच नाहीत. जोड तपासून, दाबाची टेस्ट घेऊन, मग फाट्याच्या व्हॉल्व्हवर पाईप कापायचं मशीन चढवतात. पाईपचा कापलेला तुकडा पायलट ड्रिलच्या तारेत अडकून बाहेर आला, खोबऱ्याच्या वाटीच्या कापासारखा वाकडा. इन्स्पेक्टरनं तो पुसून आतली बाजू बघितली, कॅलिपर लावला, आणि खडूनं लिहिलेल्या आकड्याशी जुळल्यावरच मान हलवली.

तुझ्या लाईनमध्ये अडीचशे अंशांच्या पुढचं तेल आहे. जुन्या तेलात हलके, लवकर पेटणारे अंश तयार झालेले असतात, आत कार्बनचा थर असतो, आणि तो आतली धातू नीट थंड होऊ देत नाही. वर त्याच शेडमध्ये कापड आणि लिंट, म्हणजे कापडाचे सुटे तंतू. एपीआय २२०१ या हॉट टॅपिंगच्या सुरक्षिततेवरच्या अमेरिकन मार्गदर्शिकेतसुद्धा चालू लाईनवरचं काम लाईन बंद करणं खरंच शक्य नसेल तेव्हाचं मानलंय. तुमचं कापडाचं प्रोसेस हाऊस आठवड्यातून एक दिवस बंद असतं, असं तूच लिहिलंयस. मग आदल्या रात्री हीटर विझव, तेल थंड होईपर्यंत पंप फिरता ठेव, लाईन रिकामी कर, गॅस टेस्ट घे आणि सरळ फाटा जोड. पुढच्या वेळेसाठी तिथे एक जादा व्हॉल्व्ह ब्लाइंड फ्लँजसकट (तोंड बंद करणाऱ्या झाकणासकट) ठेवून दे. मालकांना एका दिवसाचं उत्पादन दिसतंय, पण पाईपपाशी परमिटवर सही तुझी असेल आणि उभी तुझी माणसं असतील. त्यांना हे स्पष्ट सांग. माझं नाव पुढे केलंस तरी चालेल.

कूलिंगच्या हेडरचा बाहेरचा व्यास उभा, आडवा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी मोजून पाठव. पाईप गोल नसेल तर गॅस्केट बसणार नाही. सोबत जाडीचे आकडे आणि दोन्ही बाजूंच्या सपोर्टचे फोटो. ऑर्डर देण्याआधी कोटेशन मला दाखव, आणि काम ठरलं की तारीख कळव. मी रजा काढून येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कलाभवनचा जोडीदार