छपराचे पूल

डि मॉइन, आयोवा
१९ एप्रिल

ती. आप्पा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. बर्फ वितळलं, जाड कोट कपाटात गेला. खोकला थांबलाय. आई, परवा फोनवर तुला वाटला तो खोकला नव्हता, नुसता घसा बसला होता. जेवतेही वेळेवर. आणि आप्पा, ‘रानात गाडी घेऊन एकटीने कशाला जायचं’ म्हणालात, तर मी एकटी नव्हते, ऑफिसातली मैत्रीण बरोबर होती. रस्ता आपल्या घाटासारखा नाही, सरळसोट आहे, दोन्हीकडे नुसती शेतं. दिवेलागणीच्या आत घरी आलो.

गेलो होतो मॅडिसन काउंटीत. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका. मुख्य गाव विंटरसेट, मधोमध दगडी कोर्ट. तिथल्या जुन्या लाकडी पुलांवर छप्पर असतं. आजीला फोनवर काही केल्या पटेना, “पुलाला कशाला छप्पर?” म्हणून तिला हे वाचून दाखवा.

आपल्या व्हाळावरचा साकव डोळ्यांसमोर आणा. त्यावर भिंती उभ्या करून वर छप्पर घातलंय, आणि त्या बोगद्यातून घोडागाडी जातेय, असा पूल. पुलाच्या तळाची जाड लाकडं महाग, ती पावसात भिजली की कुजतात. छपराच्या आणि बाजूच्या फळ्या त्यामानाने स्वस्त, खराब झाल्या की बदलता येतात. म्हणून स्वस्त लाकडाने महाग लाकूड झाकायचं. आजी, ही आपली शाकारणीच की! कौलं फुटली तर बदलू, पण तुळई वाचली पाहिजे.

आयम्स पूल १८७० चा, सगळ्यांत जुना. हॉलिवेल १८८० चा, १२२ फूट लांब. ज्याचं घर जवळ, त्याचंच नाव बहुतेक पुलांना. एके काळी असे १९ होते, आता ६ उरलेत.

१८८३ च्या रोझमन पुलात मी बराच वेळ उभी होते. आत शिरलं की आपल्या माळ्यावर आल्यासारखं वाटतं. काळोख, वाळक्या लाकडाचा वास, फटींतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या. तिरक्या फळ्या जाळीसारख्या एकमेकींवर बसवलेल्या, आणि हात पोचेल तिथवर लोकांनी नावं लिहिलेली. एका लाकडावर हात ठेवला आणि माजघरातली तुळई आठवली. तिच्यातली पाळण्याची कडी, दादाला आणि मला जिने झुलवलं ती.

सीडर नावाचा पूल २००२ मध्ये कुणीतरी जाळला. लोकांनी २००४ मध्ये तसाच पुन्हा बांधला. २०१७ मध्ये तोही जाळला, तरी पुन्हा बांधला. दिसायला हुबेहूब आहे. पण देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आज पाचच पूल आहेत, सीडर नाही. मला ते फार लागलं. कारण आपल्या घराचं दादाही तसंच म्हणतोय, स्लॅब टाकू, वर कौलं बसवू, कुणाला कळणार नाही.

मला कळेल, आप्पा.

यादीत गेलं की आपल्याच घरात खिळा ठोकायची चोरी, असं तुम्ही म्हणालात. इथली ही यादी १९६६ च्या कायद्याने आली, पण नुसत्या त्या नोंदीने घरमालकाचे हात बांधले जात नाहीत. आणि आपलं घर कुठल्या यादीत जावं असं मी म्हणतच नाही. ते उभं राहू दे, एवढंच.

पावसात रात्री उठून बादल्या आई लावते, शिडीवर तुम्ही चढता. मी गेल्या मे महिन्यातही नव्हते. लांबून सांगणं सोपं आहे, हे मला कळतं.

म्हणून दीड लाख पाठवलेत, चार दिवसांत खात्यावर येतील. वासे, रिपा, कौलं, मजुरी सगळं त्यातून करा आणि मे संपायच्या आत शाकारून घ्या. कमी पडले तर कळवा. माझी ओढाताण होत नाहीये. शिक्षणाच्या कर्जाचे १४ हप्ते उरलेत, तेही वेळेवर जातायत.

आई, गणपतीला यायला जमणार नाही. व्हिसाचे कागद नूतनीकरणाला दिलेत, ते हातात येईपर्यंत इथून हलता येत नाही. दिवाळीला नक्की येते असं या वेळी म्हणत नाही. गेल्या वर्षी म्हटलं होतं. मोदकांच्या दिवशी मला ताट दाखवू नकोस, म्हणजे दाखव, पण लवकर फोन ठेव.

ठाण्याच्या स्थळाचं म्हणाल तर मुलाशी दोनदा बोलले. मनाने चांगला आहे. पण त्याला ठाणं सोडायचं नाही आणि मला अजून दोन वर्षं तरी इथेच राहावं लागेल. त्याला ताटकळत ठेवू नका. मावशीला मीच फोन करते, वाईटपणा तुमच्याकडे नको.

आजीला नमस्कार, छोट्याला पापा. पाळण्याची कडी गंजली असली तरी काढू देऊ नका. कौलं उतरवाल त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावा. इथे रात्र असेल, पण मी जागी राहीन.

तुमची,
सुमी