मामा, तुमच्या त्या एका थेंबासाठी

मामा, नमस्कार.

केमिस्ट्री लॅबचे कर्मचारी म्हणून तुमचा निरोप समारंभ झाला, त्याला मला येता आलं नाही, नेमका त्याच दिवशी पेपर होता, ते फार लागून राहिलंय मनाला. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

माझं एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं, पण जिवाणूंवर वापरायचे चांदीचे नॅनो कण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवायला मी तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये येऊन बसायचे. कृती वाचायला सोपी, २ मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड ३० मिली, ताजं केलेलं, बर्फात गार करायचं आणि ढवळत ढवळत त्यात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट १० मिली थेंब थेंब सोडायचं, सेकंदाला साधारण एक थेंब, की पिवळं द्रावण तयार. माझं मात्र रोज राखाडी व्हायचं आणि तळाशी काळा गाळ. अकरा दिवस हेच. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण जरा धुरकट दिसायचं, मला वाटलं बाटलीच जुनी असेल. बोरोहायड्राइड नवीन उघडलं, स्टरर बदलला, काही उपयोग नाही, शेवटी रडायलाच आलं होतं.

तुम्ही किल्ल्या घेऊन लॅब बंद करायला आलात आणि विचारलंत, "पाणी कुठलं घेतेस गं?" मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन दाखवला. तुम्ही त्यातलं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये घेतलंत, सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकलात आणि पाणी दुधाळ झालं. "क्लोराइड आहे यात. कुणीतरी नळाचं भरलंय." सिल्व्हर नायट्रेटला क्लोराइड भेटलं की असा पांढरा गाळ होतो. बीएस्सीला मीही केलेली टेस्ट, पण लेबल वाचून मी पाण्यावर कधी शंकाच घेतली नव्हती!

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी काच नायट्रिक ॲसिडने धुऊन ठेवली होती, आणि आमचा फ्रीज बंद म्हणून कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणलात. शेवटचा थेंब पडला की ढवळणं लगेच थांबव, आधीच्या एका मुलाचं ढवळत राहिल्यानेच काळं पडलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि मामा, काय पिवळं आलं ते! आरपार, स्वच्छ. कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या मशीनवर पीक ४०० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे यायला हवा तिथेच.

पण माझ्या डिपार्टमेंटला नेऊन ०.८५ टक्के सलाईनमधल्या, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या, जिवाणूंत घातलं तर परत राखाडी. यावेळी मी घाबरले नाही, तुमचा थेंब आठवला, म्हटलं हे पण मिठाचंच काम. नुसत्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात, मीठ आलं की तो भार झाकला जातो आणि सगळे गोळा होतात. म्हणून पीव्हीपी, म्हणजे ते पॉलिमर, ०.३ टक्क्यांचं द्रावण करून घातलं. त्याच्या लांब साखळ्यांमधला ऑक्सिजन चांदीला धरून बसतो आणि कणाभोवती असं जाड पांघरूण होतं की मीठ असलं तरी कण जवळ येऊ शकत नाहीत. तुमच्यासमोर मिठाचं पाणी टाकून दाखवलं होतं, पिवळं ते पिवळंच राहिलं, तुम्ही ती ट्यूब खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत होतात.

पुढचं तुम्हाला सांगायचं राहिलं. अगार प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, झोन (जिवाणू न वाढलेली मोकळी जागा) अगदी लहान आले, कारण हे कण अगारमधून नीट सरकतच नाहीत, मग ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पातळ द्रावणात, ९६ खड्ड्यांच्या प्लेटवर केलं. दोन जिवाणूंपैकी ई. कोलाय कमी चांदीत थांबले, स्टॅफला (स्टॅफिलोकोकस) जास्त लागली, त्याची भिंत जाड असते. नुसतं पीव्हीपी घातलेल्या खड्ड्यांत दोन्ही मस्त वाढले, म्हणजे मारणारी चांदीच, पांघरूण नाही. त्यातही बरंचसं काम कणांतून हळूहळू सुटणाऱ्या सिल्व्हर आयनचं, म्हणजे भार असलेल्या चांदीच्या अणूंचं, आणि त्यांनाही ब्रॉथमधलं क्लोराइड पकडतं, म्हणजे तुमची टेस्ट शेवटच्या प्रकरणापर्यंत माझ्यासोबत आलीच.

रिपोर्टच्या आभाराच्या पानावर 'प्रयोगशाळा कर्मचारी' एवढंच लिहायची पद्धत आहे. मी सरांना विचारून तिथे तुमचं पूर्ण नाव घातलंय. रविवारी घरी येतेय, रिपोर्टची कॉपी आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली त्या दिवशीची बाटली घेऊन. चार महिने झाले मामा, अजून पिवळी आहे.

तुमची,
मायक्रोवाली पोरगी