मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने : खडकवासल्याच्या काकांचे आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मुंबईहून निघालेली आमची छोटी शिडाची बोट गोव्याला सुखरूप पोहोचल्याचे आपल्याला फोनवर कळवले होतेच. तरीही आभार लेखी आणि चारचौघांत मानावेत असे वाटले, कारण कौतुक शिडे ओढणाऱ्यांचे होत आहे आणि आपले नाव कोणीच घेत नाही.

वाऱ्याची आम्हाला बऱ्यापैकी समज होती. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा मतलई आणि दुपारनंतर वायव्येकडून भरणारा खारा वारा यांची सांगड घालत दक्षिणेकडे सरकायचे, रात्री जाळ्यांच्या बोयांवर आणि बिनदिव्याच्या होड्यांवर नजर ठेवायची, एवढे कोणीही अनुभवी खलाशी शिकवतो. खाडीच्या तोंडाशी पाणी कसे वागते, हे मात्र आपण शिकवलेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, म्हणजे १९१६ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, आपली उमेदीची वर्षे बंदरांच्या प्रतिकृतींमध्ये भरती-ओहोटी खेळवण्यात गेली. समुद्रापासून इतक्या दूर बसून समुद्राचा असा अभ्यास होतो, हे पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसते!

आपण समजावलेत की ओहोटीचे पाणी खाडीतून वेगाने बाहेर पडत असताना समोरून येणारी लाट आखडते, उभी होते आणि वाळूच्या दांड्यावर फुटते. अरुंद जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीत वर चढणारा अडकावा तसे. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासातच जवळजवळ निम्मे पाणी उतरते, म्हणून आत शिरायचे ते भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत, जेव्हा खोली पुरेशी असते, ओढ मंदावलेली असते आणि बोट टेकलीच तर पाणी अजून वाढणार असते. भरतीची वेळ काढायला आपण कोळ्यांचाच हिशेब सांगितलात, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, आणि तो आपल्या छापील तक्त्यांशी ताडूनही दाखवलात. शास्त्रज्ञाने पंचांगाला असा मान द्यावा, हे मला फार आवडले.

बाणकोटला याची कसोटी लागली. अमावास्येनंतरची प्रतिपदा, म्हणजे उधाणाचे दिवस. दुपारचे चार वाजलेले, वारा वाढलेला, सगळे थकलेले, आणि सावित्रीचे तोंड समोर दिसत असलेले. हिशेबाप्रमाणे भरती पाऊण वाजता होऊन गेली होती, त्यामुळे ओहोटी ऐन जोरात होती. दुर्बिणीतून पाहिले तर दांड्यावर पांढरी रेघ फुटत होती. आत जाण्याचा विचार सोडून आम्ही तसेच पुढे निघालो आणि अंधार पडल्यावर हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाने नांगर टाकला. तो निर्णय घेताना बोटीवर वादसुद्धा झाला नाही, कारण त्यामागचे शास्त्र सर्वांना माहीत होते. नुसता नियम पाठ असता तर थकलेल्या माणसांनी तो नक्कीच वाकवला असता. पुढे जयगड आणि विजयदुर्ग येथे आम्ही वेळ साधूनच आत गेलो.

गोव्यात भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या निम्म्याच्या आसपासच असतो, हे आपले सांगणेही तेथे नांगराची साखळी सोडताना उपयोगी पडले.

आपण हाताने लिहून दिलेला तक्ता खाऱ्या पाण्याने डागाळला आहे, पण वाचता येतो. परवानगी दिलीत, तर त्याच्या प्रती काढून या मार्गाने जाणाऱ्या इतर शिडाच्या बोटींना द्याव्यात अशी इच्छा आहे. त्यासाठी रविवारी सकाळी घरी येऊ.

आपला कृतज्ञ,
बोटीवरील सर्वांच्या वतीने एक पुणेकर