दंडावरची काळी फीत

सांगली

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर विचारलेस, “बाबा, आमचं चुकतंय का?” आणि मी “विचार करून सांगतो” एवढेच म्हणून फोन ठेवला, याची मला दोन दिवस रुखरुख लागून राहिली आहे. तुमच्या संघातल्या एका लहान मुलीने शिबिरातल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, सहा महिने झाले तरी तिची चौकशी झाली नाही, म्हणून अंतिम सामन्यात सगळ्यांनी दंडावर काळी फीत बांधून उतरायचे तुम्ही ठरवले. आणि पदाधिकाऱ्यांनी तुला एकटीला बोलावून “खेळात राजकारण आणू नका” असे बजावले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमचे चुकत नाही. पण फीत बांधण्याआधी काही गोष्टी तू संघनायिका म्हणून पाहायला हव्यात, आणि त्या फोनवर नीट सांगता आल्या नसत्या.

खेळात राजकारण नको, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षे मलाही ते पटत असे. आता पटत नाही, कारण ते सगळ्यांना सारखे लावलेले मला कधी दिसले नाही. आपल्याकडे कबड्डीची स्पर्धा ‘आमदार चषक’ या नावाने होते, मैदानाच्या चारी बाजूंना पुढाऱ्यांचे फलक लागतात, उद्घाटनाची भाषणे लांबली म्हणून मुले तासभर उन्हात उभी राहतात, आणि त्याला कोणी राजकारण म्हणत नाही. मुलींनी बोटभर रुंदीची कापडी पट्टी बांधली की मात्र तो शब्द निघतो.

आपल्या गावाचेच उदाहरण घे. क्रिकेटपटू विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, एवढे तुला माहीत आहे. पण ते ज्या पंचरंगी सामन्यांत गाजले, त्या सामन्यांत संघच धर्मावरून पाडलेले होते. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते रेस्टकडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. ही खेळी थोरच आहे, पण ज्या चौकटीत ती झाली ती चौकट राजकारणाचीच होती. गांधीजींनी १९४० मध्ये या जातीय सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले, तरी ते बंद पडायला आणखी पाच-सहा वर्षे लागली.

त्याहून जुनी गोष्ट पालवणकर बंधूंची आहे आणि ती मला तुमच्या फितीच्या फार जवळची वाटते. पालवणकर बाळू हे त्या काळातले आपले सर्वांत मोठे गोलंदाज, पण चर्मकार समाजातले. पुण्यात त्यांना बाकीच्या खेळाडूंपासून वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. कर्णधारपदासाठी त्यांना वारंवार डावलले गेले, तेव्हा १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हिंदू संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण आपल्या सहीने जाहीर केले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. ‘आपल्या सहीने’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

तसेच झिंबाब्वेची राजधानी हरारेत झाले. १० फेब्रुवारी २००३ रोजी क्रिकेटच्या विश्वचषकातल्या झिंबाब्वेच्या पहिल्या सामन्यात अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा, एक गोरा आणि एक काळा, दंडावर काळी फीत लावून मैदानात आले. सामन्यापूर्वीच त्यांनी एक निवेदन काढले होते, आणि आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा आम्ही शोक करीत आहोत, असे त्यात सरळ म्हटले होते. झिंबाब्वेकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय क्रिकेटपटू हा मान ओलोंगाचा. पण त्या स्पर्धेनंतर तो देशासाठी पुन्हा कधीच खेळू शकला नाही आणि त्याला देश सोडावा लागला. त्याने मोजलेली किंमत त्याची स्वतःची होती. समोरच्या संघातल्या एकाही खेळाडूला त्या फितीने दुखावले नाही.

इथे मला माझी एक गोष्ट तुला सांगायची आहे, जी तुझ्या आईलाही मी फार उशिरा सांगितली. १९९३ साली मी बावीस वर्षांचा होतो. आपल्या भागातल्या एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचे मैदान होते. त्या हिवाळ्यात मुंबईत दंगली होऊन गेल्या होत्या आणि हवा बिघडलेली होती. एक मुसलमान पैलवान आखाड्यात उतरला तेव्हा आमच्या बाजूच्या पोरांनी त्याच्या धर्मावरून घोषणा सुरू केल्या, आणि मीही त्यांत आवाज मिसळला. हलगी कडकडत होती, त्यामुळे माझा आवाज मलाही वेगळा ऐकू येत नव्हता. त्या पैलवानाने कुस्ती निकाली केली. मग रीतीप्रमाणे तो इनाम घेत मैदानाभोवती फिरू लागला आणि फिरत फिरत आमच्या रांगेपाशी आला. त्याने हात पुढे केला. तळव्याच्या रेषांत लाल माती घामाने चिकटून बसली होती. माझ्या वरच्या खिशात दहाची नोट होती. ती मी काढली नाही आणि मान खाली घातली. तो क्षणभर थांबला, आमच्या रांगेला नमस्कार केला आणि पुढे गेला. तुझ्या आजोबांच्या तालमीत अशीच मुले एकाच मातीच्या पाया पडून जोर मारीत असत, हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी ओरडलो होतो.

पुढे १९९९ च्या जानेवारीत चेन्नईची कसोटी पाकिस्तानने अवघ्या १२ धावांनी जिंकली. त्याच महिन्यात दिल्लीतली खेळपट्टी पाकिस्तानच्या या दौऱ्याला विरोध म्हणून खणली गेली होती. सचिनच्या १३६ धावा वाया गेल्या होत्या, आणि तरीही चेन्नईच्या चेपॉक मैदानातल्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि मला ती दहाची नोट आठवली. प्रेक्षकाचेही राजकारण असते, मुक्ता. ते टाळ्यांतही असते.

नियमांचे म्हणशील तर त्यांत सुसंगती शोधू नकोस. २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर रांचीला आपल्या क्रिकेट संघाने लष्करी टोप्या घातल्या, त्याला आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, परवानगी दिली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज उस्मान ख्वाजा याला ‘सर्वांचे जीव सारखे’ अशा अर्थाचे शब्द बुटांवर लिहून उतरू दिले नाही. आपल्या जवानांची आठवण ठेवली गेली, याचे मला समाधानच वाटले होते. पण मग ख्वाजाचे शब्दही चालायला हवे होते, असे माझे मत आहे.

आता तुमच्या सामन्याचे. आदल्या दिवशी मुख्य पंचांना लेखी पत्र द्या, त्यात कारण दोन ओळींत लिहा आणि ज्या फीत बांधणार आहेत त्यांनीच सह्या करा. ज्या मुलीला बांधायची नसेल तिला एका शब्दाने विचारू नकोस. काहींच्या घरून मोठ्या कष्टाने खेळायला परवानगी मिळालेली असते, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. मैदानात घोषणा नकोत, आणि समोरच्या संघातल्या मुलींशी हस्तांदोलन नेहमीसारखेच व्हावे, कारण त्यांनी तुमचे काही बिघडवलेले नाही. पंचांनी नाणेफेकीच्या वेळी फीत काढायला सांगितली तर काढा आणि खेळा. तुमचे पत्र तोवर त्यांच्या हातात पोहोचलेले असेल.

आणि एक गोष्ट तू फोनवर बोललीच नाहीस. जिच्यासाठी हे सारे चालले आहे, त्या मुलीला तू विचारले आहेस का? सामना बघायला तिचे आईवडील, तिच्या गावचे लोक येतील. आपल्यावर गुदरलेले सगळ्या मैदानाला कळावे, असे तिला कदाचित वाटत नसेल. ती नको म्हणाली तर फिती पिशवीतच राहू देत आणि पत्र सरळ चौकशीची मागणी करणारे, तिचे नाव न घेता, वरच्या कार्यालयात जाऊ दे. ती हो म्हणाली तर मला एक ओळ कळव. शनिवारी सकाळच्या गाडीने मी आणि आई येतोच आहोत. आईने जुन्या छत्रीचे काळे कापड काढून ठेवले आहे. आम्हीही दंडाला फीत बांधून बसू.

तुझे,
बाबा